निम्म्या वाटेवरचा लिंब

माझी नात पुण्याला असते. गेल्या वर्षी ती चौथीत होती. भाद्रपदात केव्हातरी तिच्या शाळेने मुलांना एक काम दिले : घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारायचे, की तुमच्या लहानपणी तुमच्या भागात कोणती बाग होती, तिथे कोण कोण येत असे आणि काय काय चालत असे. आमच्या वेळी शाळा असली कामे देत नसत. आम्हांला 'माझी आवडती ऋतू' की 'माझा आवडता ऋतू' एवढे कळले तरी गुरुजी खूष असत. पण आताच्या शाळा निराळ्या. नातीने रात्री फोन केला, आणि पलीकडून पेन्सिल सरसावून बसल्यासारख्या आवाजात विचारले, "आजी, तामलवाडीला बाग होती का गं?"

मला हसूच आले. तामलवाडीला बाग! द्राक्षाची म्हणशील तर आता एखाद-दुसरी सापडेल. पण झोपाळा, घसरगुंडी, माळ्याची शिट्टी आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी असलेली बाग आमच्या गावाने कधी पाहिली नाही. मी तसे सांगणार तोच माझ्या तोंडून निघून गेले, "होती की! पण एकाच झाडाची होती."

"होती म्हणजे? आता नाही?"

पोरांचे कान तिखट असतात. मी म्हटले, "उद्या सांगते," आणि फोन ठेवला. हे वर्तमानपत्र वाचत होते. चष्म्यावरून माझ्याकडे पाहून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातले. त्यांना त्या झाडाची हकीकत ठाऊक आहे. म्हणूनच ते काही बोलले नाहीत.

वाचकांपैकी जे कधी सोलापुराहून तुळजापूरला गेले असतील, त्यांनी तामलवाडी पाहिलेली आहे. फक्त पाहिली हे त्यांच्या लक्षात नसेल. सोलापूर आणि तुळजापूर यांमध्ये पंचेचाळीस किलोमीटरांचे अंतर. त्याच्या साधारण निम्म्यावर, जिल्ह्याची हद्द ओलांडून आत शिरले की आमचे गाव. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. हल्ली टोलनाक्यामुळे नाव तरी कानावर पडते. आमच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना माझे माहेर तामलवाडी हे कळले, तेव्हा त्या केवढ्या हरखल्या! "म्हणजे तिथे तमालवृक्षांचे वन असणार!" त्यांच्या डोळ्यांपुढे यमुनेचा काठ उभा राहिला असावा. मी म्हटले, "बाई, तिथे बाभळी आहेत, बोरी आहेत, आणि लिंब आहे. तमाल पाहायचा तर तुम्हांला यमुनेकडेच जावे लागेल." त्या थोड्या हिरमुसल्या. पण खोटे कशाला बोलायचे?

काळे रान, त्यात शाळू, तूर, आणि आता बहुतेक सगळीकडे सोयाबीन. पाऊस मन मानेल तसा. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे सहज जातो. अशा मुलखात झाड म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. आमच्या शेताच्या बांधावर, अगदी रस्त्याला लागून, तो लिंब होता. कडुलिंब म्हणायचे पुस्तकात. आमच्याकडे नुसता लिंब. आई लग्न होऊन आली तेव्हाच तो दोघींच्या कवेत मावत नव्हता, असे ती सांगे. आजोबांनी त्याच्या बुंध्याभोवती दगडांचा पार बांधला होता. चुन्याबिन्याची भानगड नाही. दगडावर दगड, आणि सांधीत चिपा. पाराशेजारी दोन रांजण पुरलेले. त्यांत पाणी भरण्याचे काम घरातल्या मुलींकडे. म्हणजे माझ्याकडे, कारण मुलगी मी एकटीच होते.

आजीच्या बोलण्यात त्या लिंबाचा उल्लेख नेहमी एकाच तऱ्हेने येई : "लिंबापलीकडं इंग्रज." मला लहानपणी याचा अर्थच लागत नसे. पुढे शाळेत गेल्यावर कळले. १९४८ सालापर्यंत आमचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. चार पावले चालले की राज्य बदले! तिकडचा रुपया वेगळा आणि इकडचा हाली शिक्का वेगळा. हद्दीवर करोडगिरीची नाकी. मालावर जकात द्यायची. आजी सोलापूरच्या बाजाराला गेली की परत येताना लिंब दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नसे. रझाकारांच्या दिवसांत इकडची माणसे रातोरात मुले-भांडी घेऊन सोलापूरकडे निघाली, तेव्हाही याच वाटेने. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचे सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आणि तुळजापुरावर चालून गेले, चार-पाच दिवसांत संस्थान शरण आले, आणि लिंबाच्या दोन्ही बाजूंना एकच राज्य झाले. आजीची भाषा मात्र बदलली नाही. ती वारली तेव्हा महाराष्ट्र होऊन वीस वर्षे उलटली होती, आणि तरी तिच्या हिशेबी लिंबापलीकडे इंग्रजच राहिला होता.

त्या पारावर काय होत नसे? एस. टी. ला थांबा म्हणून तोच. गावातल्या सोयरिकी तिथे ठरत, आणि मोडतही. न्हावी तिथे बसे. पंचायतीची निवडणूक आली की दोन्ही पक्ष एकाच पाराच्या दोन कडांना बसून एकमेकांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजत. बायका मात्र पारावर चढत नसत. आम्ही रांजणाच्या बाजूला जमिनीवर. याचा मला तेव्हा राग येत नसे. आता आठवले की येतो.

१९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी अकरा वर्षांची होते. रस्त्यावर खडी फोडायचे काम निघाले होते. गावोगावची माणसे, चांगली जमीनजुमला असलेली देखील, हातोडा घेऊन रांगेने बसलेली असत. दुपारी सगळी लिंबाखाली येत. जनावरांना चारा नव्हता. शेळ्यांना पाला द्या म्हणून लोक आबांकडे येऊ लागले. आबांनी चार दिवस नाही म्हटले. पाचव्या दिवशी कुऱ्हाड काढून दिली, पण अट घातली, की ओढ्याच्या अंगाच्याच फांद्या तोडायच्या, रस्त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. त्या वर्षी तोडलेल्या बाजूला पुढे फूट झाली खरी, पण झाड कायमचे एकांगी झाले. रस्त्यावर झुकलेले, आणि शेताकडे थोटे. परक्या माणसाला ते वाकडे दिसे. आम्हांला त्याचे कारण ठाऊक होते.

पण त्या झाडाचे खरे दिवस म्हणजे कोजागरीचे. तुळजाभवानी दसऱ्याचे सीमोल्लंघन करून दमते आणि पलंगावर निद्रा घेते. हिला श्रमनिद्रा म्हणतात. पाच दिवसांनी, अश्विनी पौर्णिमेला, ती पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनासाठी सोलापुराहून माणसे पायी निघतात. दहा-वीस नव्हे, लाखांनी. कर्नाटकातून येतात, तेलंगणातून येतात. कानडी, तेलुगू, मराठी अशा तिन्ही भाषा त्या रात्री आमच्या रस्त्यावर एकमेकींत मिसळून चालत असतात. 'आई राजा उदो उदो' मात्र सगळ्यांचे एकच. सोलापूरच्या मानाच्या काठ्याही जातात. हल्ली त्या दिवसांत या रस्त्यावरची वाहनेच दुसरीकडून वळवतात.

आम्ही मुले ती रात्र जागून काढायचो. रांजण भरायचे, तांब्या बुडवायचा, द्यायचा. पुन्हा बुडवायचा, द्यायचा. चांदणे लिंबाच्या पाल्यातून गळून पारावर पडलेले असे, आणि त्या चांदण्याखाली अनोळखी माणसे पाय पसरून बसलेली असत. रात्रीच्या वेळी सावलीचा काय उपयोग, असा प्रश्न मी आबांना विचारला होता. आबा म्हणाले, "माणूस झाडाखाली सावलीसाठी बसतो व्हय? झाड हाय म्हणून बसतो." शिवाय दूरच्या गावांची माणसे दिवसाही चालत, आणि ऑक्टोबरचे ऊन काही कमी नसते. त्यांना सावली हवीच असे.

एक गंमत आहे. इतकी वर्षे पाणी दिले, पण मी स्वतः त्या वाटेने कधी चालत गेले नव्हते. गाव निम्म्या वाटेवर. तुळजापूरला जायचे तर अर्ध्या तासात बस पोहोचवी. चालणारी माणसे वेगळी आणि पाणी देणारी वेगळी, असे माझ्या मनाने घेतले होते.

लग्न होऊन मी सोलापुरात आले, ती एका चाळीतल्या दीड खोलीत. सासरे गिरणीत होते. पहाटेचा भोंगा झाला की चाळ उठे. खोलीत माणसे सात, आणि आकाश म्हणायचे तर जिन्यातून दिसे तेवढे. पहिले सहा महिने मला श्वास घेता येत नाही असे वाटे. हे त्यांच्या ध्यानात आले असावे. एका रविवारी ते म्हणाले, "चल, तुला सोलापूरचा लिंब दाखवतो." आणि घेऊन गेले किल्ल्याजवळच्या हुतात्मा बागेत.

आता त्या बागेचे मी काय वर्णन करू? तुम्ही मुंबईची राणीची बाग पाहिलेली, पुण्याच्या बागा पाहिलेल्या. हिरवळ, चार बाके, कण्हेरी, गुलमोहर, भेळेच्या गाड्या. पण आमच्यासारख्या चाळीतल्या माणसांचा तो दिवाणखाना होता. घरात बोलता न येणाऱ्या गोष्टी नवरा-बायको तिथे बोलत. मुलगी दाखवायची तर खोलीत जागा नाही, म्हणून बागेत दाखवत; मी स्वतः अशा दोन कार्यक्रमांना हजर होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या वर्षांत सासरे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत आणि दिवसभर बागेत बसून संध्याकाळी घरी येत. भोंगा नव्हता, पण त्यांची वेळ चुकत नसे. त्यांच्यासारखे बरेच जण तिथे होते. डबे उघडून जेवत, आणि जुन्या पाळ्यांच्या गोष्टी करत. मला वाटते, घरी बसले असते तर ती माणसे लवकर गेली असती. महानगरपालिकेच्या खर्चाच्या वहीत बागेपुढे माळ्याचा पगार आणि पाण्याचा आकार लिहितात. हे दुसरे कुठे लिहीत नाहीत.

बागेपलीकडे किल्ला, किल्ल्यापलीकडे सिद्धेश्वराचे तळे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते खोदवले, आणि आजही सोलापूरकरांना संध्याकाळी वारा खायचा झाला तर तिथेच जावे लागते. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि होम मैदानावर सगळे शहर लोटते. मोकळी जागा असली की गाव तिचा उपयोग शोधून काढते. कोणी शिकवावे लागत नाही. माझी नणंद दादरला असते. तिच्याकडे गेले की ती मला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेऊन बसवते. १९२५ साली ते माहीम पार्क म्हणून सुरू झाले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, हे ती दर खेपेस सांगते. क्रिकेट तिथे, सभा तिथे, म्हाताऱ्यांची मंडळे तिथे. मी ऐकून घेते, आणि मनात म्हणते : आहे झाले, मोठा पार!

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या कॉलनीच्या नकाशात एक खुली जागा दाखवलेली आहे. प्रत्यक्षात तिथे आधी एक पत्र्याची खोली आली, मग त्या खोलीला ओटा आला, आणि आता तिथे मोटारी उभ्या असतात. नातीच्या पुण्याच्या सोसायटीत 'गार्डन' आहे, पण त्याला कुलूप आहे आणि वेळ आहे. कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांनी झोपाळ्यावर बसायचे नाही असा नियमही आहे. हे नातीनेच मला सांगितले, आणि "असं का गं?" म्हणून विचारले. असो.

मूळ मुद्द्यावर येते, कारण तो टाळत टाळतच मी इथवर आले आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी सोलापूर ते येडशी रस्ता चौपदरी करायचे ठरले. गावोगावच्या जमिनीच्या पट्ट्या गेल्या, आमचीही गेली. आबा नव्हते, आई नव्हती. सातबाऱ्यावर दादाबरोबर माझे नाव होते, म्हणून माझी सही हवी होती. दादा कागद घेऊन सोलापूरला आला. चहा झाला. त्याने कागद टेबलावर पसरले. जमीन इतकी, विहीर नाही, झाडे : बोर दोन, बाभूळ तीन, लिंब एक.

'लिंब एक.' मी ते वाचले. नाही कसे वाचणार?

दादा म्हणाला, "सुमे, लिंबाचं काय करायचं? म्हणतीस तर जाऊन बघतो कचेरीत. चार हात रस्ता सरकला तर वाचंल. कुणाकुणाची देवळं वाचलीत."

त्या दिवशी माझ्या मुलाच्या घराच्या हप्त्याची काळजी होती. दुपारी दवाखान्यात जायचे होते. हे सगळे खरे आहे, पण ही कारणे नव्हेत. मी म्हटले, "जाऊ दे रे. सगळ्यांचीच जातायत. एका झाडासाठी किती हेलपाटे घालशील?" आणि पेन उघडले. दादा क्षणभर थांबला. मग बोट ठेवून त्याने कुठे कुठे सही करायची ते दाखवले. दहा मिनिटेही लागली नाहीत.

पैसे आले तेव्हा त्याने माझा वाटा न मागता दिला. त्यातून आमच्या गॅलरीला लोखंडी जाळी बसली, आणि उरलेल्यांत कुंड्या घेतल्या. मोगरा, गवती चहा, आणि एक शोभेचे पाम. लिंब पडला त्या दिवशी मी गेले नाही. दादाने फोनवर एवढेच सांगितले, की मशिनीने अर्धा तास घेतला, आणि पोपट संध्याकाळपर्यंत भिरभिरत होते.

पुढे वाचनात आले, की शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ सालचा कायदा आहे, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानायचे ठरले. पण कायदा नागरी क्षेत्रापुरता. आमचा लिंब सोलापुरात असता, आणि आणखी काही वर्षे तगला असता, तर त्याला अंगावर आकडा मिळाला असता. तामलवाडीत तो 'लिंब एक' होता. अर्थात कायद्याच्या आड लपण्यात काय हशील? मला कोणी कायदा विचारला नव्हता. दादाने मला झाडाचे विचारले होते.

तर नातीचा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी ह्यांना सांगितले, "या कोजागरीला मी चालत जाणार." त्रेसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांची ही तऱ्हा! ह्यांनी डॉक्टरांचे नाव काढले, मुलाने फोन केला, सूनबाईंनी बूट पाठवले. माझ्या मदतीला धावल्या त्या शेजारच्या अक्का. पद्मशाली घर, पिढ्यान् पिढ्या विणकाम. त्या एकोणीस वर्षे चालत जात आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्यासंगट चला. बूट नको, जुनी चप्पल घ्या."

संध्याकाळी पाचला आम्ही रूपाभवानीच्या देवळातून निघालो. सोलापूरचा चालणारा इथे दर्शन घेऊनच पुढे पाऊल टाकतो. गर्दीत उभी असताना मला एकदम इतिहासाचा तास आठवला. मी मुलांना शिकवलेला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी लोक दारूबंदीसाठी याच रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला आले. धरपकड झाली, जमाव खवळला, गोळीबार झाला, आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. मी ज्या बागेत मुले खेळवली तिच्या नावातले हुतात्मे तेच. इतकी वर्षे हा धडा शिकवला, पण ती सगळी गोष्ट झाडे तोडण्यापासून सुरू होते हे त्या संध्याकाळी प्रथम जाणवले. ती तोडणारी माणसे प्राण द्यायच्या तयारीने आली होती, आणि मी चहाचा कप बाजूला सारून सही केली होती. तुलना बरोबर नाही, मला कळते. पण मनाला कोण सांगणार?

रस्ता उत्तम आहे, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी या वाटेवर अपघातात गेलेली माणसे मला ठाऊक आहेत. दुभाजक झाल्यावर समोरासमोरच्या धडकांची भीती राहिली नाही. पण चालणाऱ्याच्या पायाला डांबर रात्रीही ऊन लागते. दोन्ही बाजूंना झाडे नसल्यामुळे किती चाललो ते कळत नाही. जुन्या वाटेवर एका वडापासून दुसऱ्या चिंचेपर्यंत असे मोजत जात, असे अक्का सांगत होत्या. आता हिरव्या पाट्यांवरचे आकडे मोजायचे. दुभाजकात कण्हेर आहे, ती छान फुललेली होती. पण कण्हेरीखाली कोण बसणार? सम्राट अशोकाने वाटसरूंसाठी रस्त्याच्या कडेला वड लावले, असे आम्ही शाळेत शिकवायचो. कण्हेर लावली असे कुठे वाचलेले नाही.

चांदणे मात्र तसेच होते. कापलेल्या सोयाबीनच्या गंजी शेतांत दिसत होत्या. जागोजागी चहा, केळी, खिचडी घेऊन माणसे उभी होती आणि अक्षरशः हात धरून खायला घालत होती. माझ्या डाव्या टाचेला फोड आला. बूट घातले असते तर दोन्हींना आला असता, असे अक्कांचे मत पडले.

तामलवाडीला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टोलनाक्याचे दिवे लांबूनच दिसतात. त्या झगझगाटात चंद्र फिका पडला होता. दादाने ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि दोन प्लास्टिकच्या टाक्या ठेवल्या होत्या. त्याला मी येणार हे माहीत नव्हते. मी रांगेतून पुढे गेले आणि ओंजळ पुढे केली. त्याने न पाहताच पाणी ओतले. मग वर पाहिले.

"सुमे? तू? चालत?"

वहिनी धावत आल्या. "अगं बाई, वन्सं! पाय बघा की कसे झालेत!" त्यांनी परातीत गरम पाणी आणले. मला बसायला सांगितले. मी इकडेतिकडे पाहिले आणि मग माझ्या लक्षात आले, की मांडवात चटया घातलेल्या असूनही तिथे फारसे कोणी बसलेले नव्हते. माणसे बसली होती ती मांडवाच्या पलीकडे, बाजूच्या रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. गोल करून. मधे काहीच नव्हते. डांबराचा एक तुकडा आणि सांडपाण्याच्या गटाराचे सिमेंटचे झाकण.

ती लिंबाची जागा होती.

"दर साली तिथंच बसत्यात," दादा म्हणाला. "मांडवात या म्हणलं तरी येत न्हाईत. नवी पोरं जुन्यांचं बघून बसत्यात. त्यांनी तर झाडबी बघितलं न्हाई."

त्या गोलात कलबुर्गीकडची एक म्हातारी होती. कानडी-मराठी मिसळून ती बोलत होती. आपल्या नातसुनेला हात वर करून काहीतरी दाखवत होती. फांद्या इथवर होत्या, असे ते असावे. तिचा हात रस्त्याकडे लांब गेला, आणि दुसऱ्या बाजूला आखूड. थोटी बाजू तिच्या ध्यानात होती! बाहत्तर साल तिला माहीत असायचे कारण नाही, पण झाडाचा आकार तिने बरोबर धरून ठेवला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आपण कोण हे काही तिला सांगितले नाही. तिने माझा पाय पाहिला, आपल्या बोचक्यातून हळद काढली आणि फोडाच्या कडेला लावली.

थोड्या वेळाने दादा बॅटरी घेऊन आला. "ये, एक दाखवायचंय." मांडवामागे, आमच्या उरलेल्या शेताच्या कडेला, काट्यांचे कुंपण होते आणि त्यात माझ्या खांद्याएवढा लिंब. पडलेल्या झाडाच्या लिंबोळ्या त्याने त्या उन्हाळ्यात वेचून ठेवल्या होत्या. पहिली दोन रोपे शेळ्यांनी खाल्ली, तिसरे उन्हाने गेले. हे चौथे. चार वर्षांचे.

"मला सांगितलं नाहीस कधी," मी म्हटले.

"काय सांगायचं? जगंल तवा सांगू म्हणलं."

मी कमरेची पिशवी उघडली. जाळीचे आणि कुंड्यांचे पैसे मी मोजून बरोबर आणले होते. देवीला घालावे की दादाला द्यावे हे ठरत नव्हते, पण आणले होते. मी ते पुढे केले. म्हटले, ठिबक घाल, कुंपण पक्के कर, पार बांध. दादाने नोटांकडे पाहिले, आणि पिशवीची चेन स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

"पैसं नकोत. चैतात ये. एप्रिल-मे दोन महिनं हितं राहा. रांजण भरायचं काम तुझंच होतं की, आता हे बघ. मला आता कळशी उचलत न्हाई."

ह्यांचे जेवण, माझी औषधे, उन्हाळ्याच्या सुटीत येणारी नात, हे सारे डोक्यात येऊन गेले. मग वाटले, नात येईल ती इथेच येईल. तिच्या शाळेला जे लिहून हवे होते ते तिने तोवर लिहून दिलेले असेल, पण ती तरी येईल.

"बघते," मी म्हटले.

"बघते न्हाई. सही केल्यागत सांग."

तो हसत नव्हता. बॅटरी त्याने रोपावरच धरलेली होती. मी म्हटले, "येते."

अक्का हाका मारत होत्या. वहिनींनी टाचेला फडके बांधून दिले. म्हातारी आणि तिची नातसून पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्या जागेवर दुसरी पाच-सहा माणसे येऊन, गोल करून बसली होती. मी चप्पल चढवली. तुळजापूर अजून निम्मे राहिले होते.